पॅच-क्लॅम्पच्या टेबलावरून दिसलेला अक्षतंतू

मेंदूतल्या चेतापेशीचा अक्षतंतू हा विजेचा फार वाईट वाहक आहे. त्याच्या आतले द्रव्य म्हणजे खारट पाणीच. तांब्याच्या तुलनेत त्याचा रोध कोट्यवधी पटींनी जास्त. मेंदूच्या बाह्यकातल्या बहुतेक अक्षतंतूंची जाडी एक मायक्रोमीटरही भरत नाही, आणि त्यांचे पटल गळके असते. ठिबक सिंचनाच्या फार लांब नळीत शेवटच्या भोकापाशी पाण्याला दाब उरत नाही, तशीच गत अशा तंतूत सोडलेल्या विद्युतविभवाची होते. साधारण अर्ध्या मिलिमीटरवर तो मूळच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि दोन-तीन मिलिमीटरवर मोजण्याजोगे काही राहत नाही. तरीही याच तंतूंतून एका गोलार्धातला संकेत दुसऱ्या गोलार्धात पोहोचतो, मेंदूतला कमरेजवळच्या मज्जारज्जूपर्यंत जातो, आणि तोही उंची न गमावता. हे घडते पटलात रुतलेल्या आयन चॅनलांमुळे. संकेत वाटेत जिरू लागला की तिथले चॅनल उघडतात आणि तो पुन्हा पहिल्या उंचीवर येतो.

यासाठी लागणारी शक्ती पटलाच्या दोन बाजूंच्या क्षारांत साठवलेली असते. पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोलर, बाहेर ३ ते ५. सोडियमचे उलट: बाहेर सुमारे १४५, आत १० ते १५. हा फरक सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी हे पेशीचे इंधन खर्चून टिकवतो. शांत अवस्थेत पटलातून थोडे पोटॅशियम बाहेर झिरपत राहते, म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. विभव थोडा वर सरकला की सोडियम चॅनल उघडतात, सोडियम आत घुसते, विभव आणखी वर जातो, आणखी चॅनल उघडतात. एक मिलिसेकंद पुरा होण्याच्या आत आतली बाजू धन होते. मग सोडियम चॅनल स्वतःच बंद पडतात, पोटॅशियम चॅनल उघडतात आणि विभव खाली येतो. पुस्तकात याला क्रियाविभव म्हणतात. प्रयोगशाळेत सगळे स्पाइक म्हणतात.

या कामात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याचे लक्ष बहुधा चॅनल उघडण्याकडे असते. वर्षे घालवलेल्या माणसाचे लक्ष चॅनल बंद कसा होतो याकडे जाते. सोडियम चॅनल उघडल्यावर एखाद्या मिलिसेकंदातच त्याच प्रथिनाचा एक छोटा दुवा आतल्या बाजूने येऊन छिद्र अडवतो. अशा निष्क्रिय झालेल्या चॅनलला पुन्हा कामावर यायचे तर विभव आधी पुरेसा खाली जावा लागतो, आणि काही काळही जावा लागतो. स्पाइक मागे फिरत नाही, पुढेच जातो, तो याच कारणाने: मागच्या पट्ट्यातले चॅनल अजून सावरलेले नसतात. एका सेकंदात पेशी किती वेळा बोलू शकते याची मर्यादाही इथेच ठरते. अपस्मारावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधे मुख्यतः याच निष्क्रिय अवस्थेला पकडून बसतात, म्हणून सावकाश बोलणाऱ्या पेशीपेक्षा झटक्यात सापडलेल्या, भराभर स्पाइक सोडणाऱ्या पेशीवर त्यांचा परिणाम जास्त होतो.

उघडण्या-मिटण्याचा हा हिशेब पहिल्यांदा मांडला गेला तो माखलीच्या जातीच्या स्क्विड या समुद्री प्राण्याच्या अक्षतंतूवर. त्याचा मोठा अक्षतंतू सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्यात बारीक तार लांबवर सरकवता येते. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या प्लिमथ इथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी विभव एका ठरावीक पातळीवर धरून ठेवून प्रवाह मोजले आणि १९५२ मध्ये समीकरणे प्रसिद्ध केली. केंब्रिजचा संगणक तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सलीने ती हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सोडवली. त्या काळी चॅनल कोणी पाहिला नव्हता. तरी पोटॅशियमच्या समीकरणात एका राशीचा चौथा घात घालावा लागला, आणि पोटॅशियमचा चॅनल चार सारख्या तुकड्यांचा बनलेला असतो हे प्रयोगाने सिद्ध झाले १९९१ मध्ये. दोघांना १९६३ चे नोबेल मिळाले. या समीकरणांची सवय मात्र इतकी खोल गेली की पुढच्या कित्येक पिढ्या मेंदूतल्या अक्षतंतूला स्क्विडच्या अक्षतंतूची लहान आवृत्ती समजत राहिल्या. स्क्विडच्या त्या वर्णनात सोडियमचा एक प्रवाह आणि पोटॅशियमचा एक प्रवाह पुरला, तापमान होते ६.३ अंश सेल्सिअस. सस्तन प्राण्यांत विभवाला प्रतिसाद देणाऱ्या सोडियम चॅनलांचे नऊ प्रकार आहेत, पोटॅशियम चॅनलांची जनुके चाळीसच्या घरात, आणि मेंदू ३७ अंशांवर चालतो.

मेंदूच्या पेशीवर हे मोजायचे साधन म्हणजे पॅच-क्लॅम्प. काचेची नळी तापवून ओढतात, तिचे टोक जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचे होते. उंदराच्या मेंदूचे ३०० मायक्रोमीटर जाडीचे काप बर्फगार द्रावणात कंपन पावणाऱ्या पात्याने काढतात, मग कोमट द्रावणात सावरायला ठेवतात. द्रावणातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत बुडबुडत असतो. सूक्ष्मदर्शकाखाली नळीचे टोक पेशीला टेकवायचे आणि नळीला जोडलेली रबरी ट्यूब तोंडात धरून हलकेच ओढ द्यायची. जमले तर काच आणि पटल एकमेकांना असे चिकटतात की मधला रोध एक अब्ज ओहमच्या वर जातो. सील बसले, असे म्हणतात. एर्विन नेहेर आणि बेर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका चॅनलचा प्रवाह पहिल्यांदा दाखवला, तो काही पिकोअँपिअरचा होता. इतके घट्ट सील बसवायची युक्ती १९८० च्या सुमारास हाती आली आणि १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पडद्यावर अशी एकेका चॅनलची रेषा पाहिली की एक गोष्ट कायमची डोक्यात बसते: चॅनल हळूहळू उघडत नाही. तो एकदम उघडतो, एकदम मिटतो, आणि केव्हा, ते नशिबावर असते. गुळगुळीत दिसणारा स्पाइक हा अशा हजारो बेभरवशाच्या घटनांचा एकत्रित परिणाम असतो.

या कामातले दिवस कसे जातात याबद्दल शोधनिबंधांत काही लिहिलेले नसते. सकाळ काप करण्यात जाते, पहिली नीट नोंद दुपार उलटल्यावर मिळते, संध्याकाळी काप मरू लागतात. पडद्यावर ५० हर्ट्झची लहर दिसू लागली की अर्थिंगच्या तारा एकेक सोडवून पाहाव्या लागतात, आणि दोष निघतो भिंतीपलीकडच्या फ्रिजमध्ये किंवा ज्यावरचा सिल्व्हर क्लोराइडचा थर उडाला आहे अशा तारेत. पुष्कळ दिवस काहीच हाती लागत नाही. ज्यांचे हात चांगले, असे म्हटले जाते, त्यांची खुबी बहुधा हातांत नसते. त्यांचे काप चांगले असतात, आणि वाईट काप दिसला की त्यावर दिवस न घालवता तो फेकून देण्याची त्यांची तयारी असते.

अक्षतंतू तर या नळीलाही दाद देत नाही. तो फार बारीक. तोड निघाली ती कापण्यातूनच. पाते लागून तुटलेल्या अक्षतंतूचे टोक कधीकधी मिटते आणि फुगून तीन-चार मायक्रोमीटरचा फुगवटा तयार होतो. इतरत्र जखम म्हणून टाळला जाणारा हा भाग, पण तिथे पॅच करता येतो आणि अक्षतंतूच्या आत थेट ऐकता येते. २००६ च्या सुमारास अशा नोंदींतून दिसले की पेशीच्या मुख्य शरीरातला संथ चढउतारही काही शे मायक्रोमीटरपर्यंत अक्षतंतूत उतरतो आणि पुढे जाणाऱ्या संकेताचे वजन बदलतो. म्हणजे अक्षतंतू फक्त हो किंवा नाही एवढेच सांगतो, ही धारणा निदान जवळच्या अंतरावर तरी खरी नव्हती.

स्पाइक कुठे सुरू होतो, या प्रश्नावर या क्षेत्राची बरीच वर्षे गेली, आणि त्यातून मिळालेला धडा चॅनलांपेक्षा मोजमापाबद्दल जास्त आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून अंदाज होता की तो पेशीशरीरात नव्हे, अक्षतंतूच्या मुळाशी, पहिल्या वीस ते साठ मायक्रोमीटरांच्या पट्ट्यात सुरू होतो. प्रतिपिंडांनी रंगवले की सोडियम चॅनल तिथे दाटलेले दिसत. पण नळीने त्या भागातला पटलाचा तुकडा उचलून मोजले की प्रवाह पेशीशरीराइतकाच भरे. दोन्ही निष्कर्ष काळजीपूर्वक केलेल्या कामाचे होते, आणि दोन्ही बाजूंची माणसे आपापल्या उपकरणावर ठाम होती. २००८ मध्ये उलगडा झाला. मुळाशी असलेले सोडियम चॅनल अँकिरिन-जी या प्रथिनाच्या मार्फत पेशीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेले असतात. नळी पटल ओढून घेई, चॅनल मागेच राहत. सांगाड्यातले ॲक्टिनचे धागे औषधाने मोडल्यावर तिथेच मोठे प्रवाह मिळाले. चॅनलांची तिथली घनता जवळच्या वृक्षिकांच्या सुमारे पन्नास पट निघाली. सील उत्तम होते, प्रवर्धक उत्तम होता, आकडे नीट घेतले होते, आणि तरी उत्तर चुकीचे होते. पॅच-क्लॅम्पवर वाढलेल्या पिढीने तेव्हापासून रंगवलेल्या कापांकडे जरा जास्त आदराने पाहायला सुरुवात केली असावी.

या पट्ट्यातही सगळे चॅनल सारखे नाहीत. बाह्यकातल्या पिरॅमिडच्या आकाराच्या पेशींत दूरच्या टोकाला एनएव्ही १.६ जातीचे सोडियम चॅनल असतात, ते कमी विभवालाच उघडतात आणि स्पाइक पेटवतात. पेशीशरीराच्या बाजूला एनएव्ही १.२ असतात, त्यांना जास्त विभव लागतो, ते स्पाइक मागे शरीरात पोहोचवतात. त्याच जागी केव्ही ७ हे सावकाश उघडणारे पोटॅशियम चॅनल बसलेले असतात आणि पेशीने विनाकारण बोलू नये हे पाहतात. हा पट्टा कायमचा ठरलेलाही नसतो. कोंबडीच्या पिलांच्या कानाकडून संकेत येणे थांबले तर श्रवणकेंद्रातल्या पेशी आपला पट्टा लांबवतात आणि जास्त चटकन पेटतात, हे २०१० मध्ये दाखवले गेले.

स्पाइक किती रुंद, हे मुख्यतः पोटॅशियम चॅनल ठरवतात. केव्ही ३ जातीचे चॅनल झटकन उघडतात आणि झटकन मिटतात. ज्या पेशींना सेकंदाला शेकडो स्पाइक सोडायचे असतात, म्हणजे बाह्यकातल्या जलद बोलणाऱ्या निरोधक पेशी किंवा मेंदूच्या बुंध्यातले श्रवणमार्गावरचे तंतू, त्यांच्यात हे भरपूर असतात. केव्ही १ थोड्या विभवालाही उघडतात, पण वारंवार वापरले की हळूहळू थकतात. या रुंदीचा अभ्यास करणाऱ्याला प्रयोगशाळेत एक विचित्र शत्रू भेटतो, तो म्हणजे तापमान. चॅनलांची दारे दहा अंशांच्या फरकाने सुमारे तिप्पट जलद किंवा मंद होतात. एखाद्या दिवशी नव्या रसायनाने स्पाइक सुरेख रुंदावतो, पोटॅशियम चॅनल अडले असे वाटू लागते, संध्याकाळपर्यंत आलेखही तयार होतो. नंतर कळते की रसायनाची बाटली फ्रिजमधून काढून थेट जोडली होती आणि कापाभोवतीचे द्रावण तीन अंशांनी उतरले होते. बहुतेक प्रयोगशाळांत अशी एखादी गोष्ट सांगितली जाते, आणि ती ऐकलेला माणूस पुढे कापाशेजारी तापमापी ठेवल्याशिवाय रुंदीचा आकडा लिहीत नाही. खोलीच्या तापमानाला मोजलेल्या स्पाइकवरून जिवंत मेंदूतला स्पाइक ओळखू पाहणे हे एकूणच धाडसाचे काम. शिवाय नळीची स्वतःची धारकता जलद स्पाइकचे टोक बोथट करते; पडद्यावर दिसते त्यात थोडी पेशी असते आणि थोडी काच.

मायलिनचे वेष्टन असलेल्या तंतूंत चॅनलांची जागा आणखी काटेकोर असते. वेष्टनामुळे पटलाची गळती आणि धारकता दोन्ही घटतात, आणि स्पाइकचे पुनरुज्जीवन फक्त वेष्टनातल्या फटींवर, म्हणजे रॅनव्हिएच्या गाठींवर होते. गाठ जेमतेम एक मायक्रोमीटर लांब, पण तिच्यात सोडियम चॅनलांची दाटी चौरस मायक्रोमीटरला हजाराच्या वर मानली जाते. केव्ही १ मात्र गाठीत नसतात. शेजारी, वेष्टनाखाली झाकलेले असतात. १९७९ मध्ये सशाच्या नसांवर दिसले की गाठीत विभवाने उघडणाऱ्या पोटॅशियम चॅनलांचा प्रवाह जवळपास नाहीच. मग स्पाइक खाली येतो कसा? सोडियम चॅनल स्वतः मिटतात आणि उरलेले काम गळतीने होते, एवढ्यावर चाळीस वर्षे भागले. ती गळती कोणाची, हे २०१९ मध्ये कळले: ट्रॅक आणि ट्रेक-१ हे कायम थोडे उघडे असलेले पोटॅशियम चॅनल गाठींत दाटून भरलेले निघाले. गळती हा शब्द त्यानंतर अन्यायाचा वाटतो; ते नीट बसवलेले यंत्र आहे.

वेष्टन नसलेल्या अगदी बारीक तंतूंचा हिशेब वेगळा आहे. पटलाच्या एका चौरस मायक्रोमीटरचा विभव १०० मिलिव्होल्टने बदलायला सुमारे सहा हजार आयन पुरतात. स्क्विडच्या अक्षतंतूत एवढे सोडियम आले तरी आतली संहती बदलल्याचे कळणारही नाही. पण ०.२ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूत एकच स्पाइक आतले सोडियम सुमारे दोन टक्क्यांनी वाढवतो, आणि ते सगळे पंपाला बाहेर काढावे लागते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के आणि ऊर्जेचा वाटा सुमारे वीस टक्के, तेव्हा हा खर्च किरकोळ नाही. स्क्विडमध्ये सोडियम आत येणे आणि पोटॅशियम बाहेर जाणे एकाच वेळी बरेच चालते, त्यामुळे किमान गरजेच्या सुमारे चौपट सोडियम आत येते. मेंदूच्या ऊर्जेचे अंदाज कित्येक वर्षे हाच चारचा आकडा धरून केले जात. २००९ मध्ये उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या तंतूंवर थेट मोजले तेव्हा तो सुमारे १.३ निघाला. सोडियम चॅनल लवकर मिटतात आणि पोटॅशियम चॅनल जरा थांबून उघडतात, एवढ्याने बचत होते.

बारीकपणालाही तळ आहे. तंतू जितका बारीक तितका एका चॅनलच्या उघडण्याचा धक्का मोठा. सुमारे ०.१ मायक्रोमीटरच्या खाली एखादा सोडियम चॅनल आपणहून उघडला तरी कोणी न मागितलेला स्पाइक सुटू शकतो, असे २००५ मध्ये गणिताने दाखवले गेले. निसर्गात सापडलेले सर्वांत बारीक अक्षतंतूही साधारण तिथेच थांबतात.

तंतूच्या शेवटच्या टोकावर स्पाइकचा आकार खऱ्या अर्थाने कामी येतो. तिथे कॅल्शियम चॅनल असतात. स्पाइक जितका वेळ वर राहील तितके कॅल्शियम आत येते, आणि पुढच्या पेशीवर सोडल्या जाणाऱ्या रसायनाचे प्रमाण कॅल्शियमच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या घाताने वाढते. रुंदीत थोडा फरक पडला तरी निरोपात मोठा पडतो. हिप्पोकॅम्पसमधल्या शेवाळतंतूंची टोके तीन ते पाच मायक्रोमीटरची, म्हणजे थेट पॅच करता येण्याजोगी. तिथे २००० मध्ये दिसले की एकामागून एक स्पाइक येऊ लागले की केव्ही १ थकतात, स्पाइक रुंदावत जातो आणि रसायन अधिक सुटते. टोकाला आपण नुकतेच किती बोललो याची आठवण राहते, आणि ती ठेवायला वेगळे काही लागत नाही. एका चॅनलच्या सावरण्याचा वेळ पुरतो.

हे सगळे बिघडते तेव्हा काय होते, ते रुग्णालयात दिसते. बहुविध काठिण्य, म्हणजे एमएस, या आजारात मायलिन झडते, झाकलेले केव्ही १ उघडे पडतात आणि गाठीकडे निघालेला प्रवाह वाटेतच बाहेर जातो. ताप आला किंवा गरम पाण्याने आंघोळ केली की काही रुग्णांची नजर किंवा पाय तात्पुरते दगा देतात, कारण गरमीने चॅनल लवकर मिटतात आणि मुळात काठावर चालणारा स्पाइक पुढच्या गाठीपर्यंत पोहोचत नाही. पोटॅशियम चॅनल अडवणारे ४-अमायनोपिरिडिन काही रुग्णांची चाल सुधारते; अमेरिकेत त्याला २०१० मध्ये मान्यता मिळाली. प्रयोगशाळेत हेच रसायन कापात झटके पेटवायला वापरतात, आणि मात्रा वाढली की माणसालाही झटके येऊ शकतात. केव्ही ७ च्या जनुकांत दोष असलेल्या काही नवजात बाळांना पहिल्या काही दिवसांत झटके येतात आणि पुढे आपोआप थांबतात. याच चॅनलला उघडे ठेवणारे रेटिगाबिन हे अपस्मारावरचे औषध कल्पना म्हणून सुबक होते, पण त्वचेत आणि डोळ्यांत निळसर रंग उतरू लागला, वापर घटला आणि २०१७ मध्ये ते बाजारातून गेले.

ड्रावे आजारात एनएव्ही १.१ च्या जनुकाची एक प्रत निकामी असते. हा संबंध २००१ मध्ये सापडला. सोडियम चॅनल कमी झाले तर मेंदू शांत व्हायला हवा, पण या मुलांना तान्हेपणी तापाबरोबर लांबलचक झटके येतात. उंदरांवरच्या प्रयोगांतून कारण कळले ते असे: एनएव्ही १.१ वर सर्वांत जास्त विसंबून असतात त्या इतरांना आवरणाऱ्या निरोधक पेशी, आणि त्यांचाच आवाज बसतो. म्हणून सोडियम चॅनल अडवणारी नेहमीची औषधे या मुलांचे झटके बरेचदा वाढवतात. ज्या बाळाला तापात पुन्हा पुन्हा, लांबणारे किंवा शरीराच्या एकाच बाजूचे झटके येतात, त्याला कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन लिहिण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञ या जनुकाची तपासणी मागवतात, ती यासाठी.